कोप देवाचा की भूगर्भाचा?

गणेश विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि लातूर जिल्ह्यातील किल्लारीप्रमाणेच आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरही उद्ध्वस्त झाले. अशा वेळी ‘देवाचा कोप झाला’ हा उद्गार उमटतोच. १९३४ च्या बिहार भूकंपाला महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला होता.

सर्व काही ईश्वराधीन असेल, तर निसर्गातील कारणांना अर्थ काय? हाच पेच मध्ययुगीन ख्रिस्ती चिंतकांपुढे होता. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी उत्तर दिले : ईश्वर हे आद्य कारण, तर सृष्टीतील वस्तू ही दुय्यम, पण खरीखुरी कारणे. जाळतो तो अग्नीच. ती शक्ती मात्र त्याला ईश्वराने दिलेली असते. वस्तूंची कार्यशक्ती नाकारणे म्हणजे निर्मात्याचीच थोरवी कमी करणे होय, असे ते मानत. त्यामुळे निसर्गातील कारणांचा शोध श्रद्धेला बाधक ठरत नव्हता. त्यांचे गुरू अल्बर्टस मॅग्नस यांनी ॲरिस्टॉटलला अनुसरून भूकंपाचे कारण भूगर्भात कोंडलेल्या वाफांमध्ये शोधले. ते उत्तर चुकीचे ठरले. शोधाची दिशा योग्य होती.

सास्तूर परिसरात जमीन हादरली ती भूगर्भातील ताणामुळे. बळी घेतले ते मुख्यतः दगड-मातीच्या जड भिंतींनी आणि माळवदांनी. कोपापुढे माणूस केवळ हात जोडतो. कारण कळले, तर घर भक्कम बांधतो.