पहिलं सोलो गाणं, तेही पाच मिनिटं चाळीस सेकंदांचं : हॅरी स्टाइल्सच्या 'साइन ऑफ द टाइम्स'चं नेमकं काय झालं होतं?

७ एप्रिल २०१७. बीबीसी रेडिओ १ वर सकाळच्या कार्यक्रमात एक नवं गाणं पहिल्यांदा वाजलं. गायक २३ वर्षांचा आणि अख्ख्या जगातल्या मुलींना तोंडपाठ असलेला. त्यामुळे नाचायला लावणारं, तीन मिनिटांत संपणारं, लगेच गुणगुणता येईल असं काहीतरी येणार, हा सगळ्यांचा अंदाज.

आला तो एकटा पियानो. संथ. मग हळूहळू ड्रम, गिटार, मागून कोरस आणि वरच्या पट्टीत जवळजवळ ओरडत गाणारा आवाज. गाणं संपलं तेव्हा पाच मिनिटं चाळीस सेकंद झाली होती.

हे होतं हॅरी स्टाइल्सचं पहिलं सोलो गाणं, 'साइन ऑफ द टाइम्स'.

आज हॅरी म्हटलं की तुम्हाला रील्सवरचं 'अॅज इट वॉज' आठवतं. पण २०१७ मध्ये हा माणूस एकटा चालेल की नाही, याबद्दल भल्याभल्यांना शंका होती.

मुळात एवढं टेन्शन कशाचं?

आपल्याकडे गाणं बहुतेक वेळा सिनेमातून येतं. त्यामुळे 'ग्रुप सोडून पहिलं सोलो गाणं' हा प्रकार किती जीवघेणा असतो, हे पटकन लक्षात येत नाही.

तर झालं असं की, २०१० मध्ये ब्रिटनच्या 'द एक्स फॅक्टर' या शोमध्ये पाच मुलं आली. गंमत म्हणजे पाचही जण एकेकटे गायला आले होते. एकट्याने पुढे जाणं जमलं नाही म्हणून शोवाल्यांनी त्यांचा ग्रुप बनवला. नाव, वन डिरेक्शन. शोमध्ये ते तिसरे आले, पण पुढच्या पाच वर्षांत त्यांचे पाच अल्बम आले आणि त्यातले पहिले चार अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट एक नंबरवर उतरले. याआधी कोणत्याही ग्रुपला पहिल्या चारही अल्बमच्या बाबतीत हे जमलं नव्हतं.

मार्च २०१५ मध्ये झेन मलिक बाहेर पडला. २०१६ उजाडेपर्यंत उरलेल्या चौघांनीही 'ब्रेक' घेतला. आता प्रत्येकाला आपापलं पहिलं गाणं आणायचं होतं आणि प्रत्येकाचं गाणं दुसऱ्याच्या गाण्याशी ताडून बघितलं जाणार होतं.

झेनने सुरुवातच षटकाराने केली. जानेवारी २०१६ मधलं 'पिलोटॉक' ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे एक नंबरला गेलं. नायल होरनचं गिटारवरचं साधं 'दिस टाउन' ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. लुई टॉमलिन्सनने डीजे स्टीव्ह आओकीसोबत 'जस्ट होल्ड ऑन' आणलं, ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं.

चौथा नंबर हॅरीचा.

गाणं बनलं कुठे?

जमैकात, पोर्ट अँटोनियो या समुद्रकाठच्या गावात. २०१६ च्या शेवटी हॅरी मोजक्या वादकांना घेऊन तिथे जाऊन राहिला. सोबत निर्माता होता जेफ भास्कर. आडनाव वाचून थांबला असाल, तर हो, त्याचे वडील भारतीय वंशाचे आहेत. 'अपटाउन फंक'च्या निर्मात्यांपैकी तो एक. म्हणजे हमखास वाजणारं गाणं कसं बनवायचं, हे त्याला व्यवस्थित ठाऊक होतं. गिटारवर मिच रोलंड होता, जो त्याआधी पिझ्झाच्या दुकानात काम करायचा.

जाहिरातही उलट्या पद्धतीने झाली. हॅरीने इन्स्टाग्रामवर तीन कोरे पांढरे फोटो टाकले. बस्स. ब्रिटनच्या टीव्हीवर एक गूढ जाहिरात आली, त्यात दार, धूर आणि तो. गाण्याचं नावही नाही. बाकीचं काम फॅन्सनी केलं, जसं ते नेहमी करतात.

मग गाणं चाललं का?

इथेच खरी गोष्ट आहे.

ब्रिटनमध्ये तेव्हा एड शीरनचं 'शेप ऑफ यू' सलग १३ आठवडे एक नंबरवर ठाण मांडून बसलं होतं. शीरनचा धुमाकूळ इतका की मार्च २०१७ मध्ये एका आठवड्यात टॉप २० मधली १६ गाणी त्याची होती. शेवटी चार्टवाल्यांना त्या जुलैपासून नियमच बदलावा लागला, की एका मुख्य कलाकाराची जास्तीत जास्त तीन गाणी धरायची.

अशा गाण्याला हॅरीने खाली खेचलं. किती दिवस? एक आठवडा. पुढच्या आठवड्यात शीरन परत वर. अमेरिकेत 'साइन ऑफ द टाइम्स' बिलबोर्ड हॉट १०० मध्ये चौथ्या क्रमांकावर आलं आणि तीच त्याची सर्वोच्च जागा ठरली.

एका आठवड्यात वर आणि लगेच खाली, हे कसं होतं? कारण चार्ट मोजण्याची पद्धत. तेव्हा ब्रिटनच्या चार्टमध्ये १५० वेळा स्ट्रीम झालेलं गाणं एका विक्रीबरोबर धरलं जायचं. म्हणजे जी मुलगी पैसे देऊन गाणं डाउनलोड करायची, तिचं मत सहज ऐकणाऱ्याच्या १५० स्ट्रीम्सइतकं जड. 'शेप ऑफ यू' कॅफेत, जिममध्ये, गाडीत वाजत होतं. ते लोकांच्या आयुष्यात मागे चालू असायचं. हॅरीचं गाणं पहिल्या दिवशी खरेदी झालं. पाच मिनिटं चाळीस सेकंदांचा रॉक बॅलड कुणी चुकून ऐकत नाही.

थोडक्यात, पहिल्या आठवड्यातला तो एक नंबर फॅन्सनी मिळवून दिलेला होता. म्हणजे मुख्यतः तरुण मुलींनी.

आणि समीक्षक काय म्हणाले?

अनेकांनी कौतुक केलं. डेव्हिड बोवीची आठवण झाली, क्वीनची झाली, पिंक फ्लॉइडची झाली. सत्तरच्या दशकातली सगळी भारदस्त नावं निघाली. काहींना हे ओझं जास्त वाटलं. हा मुलगा वडिलांच्या रेकॉर्डच्या कपाटातून उसनं घेतोय, असाही सूर होता. ती टीका अगदीच चुकीची नाही. गाण्यावर जुन्या ब्रिटिश रॉकची छाप उघड आहे आणि नावसुद्धा प्रिन्सच्या १९८७ च्या प्रसिद्ध अल्बमची आठवण करून देतं.

पण मला यातली दुसरीच गोष्ट खटकते. कौतुकाचा एक मोठा भाग असा होता की, बघा, बॉयबँडमधला पोरगा मोठा झाला, आता तो 'खरं' संगीत करतोय. म्हणजे आधी ऐकणाऱ्या मुलींना संगीतातलं कळत नव्हतं आणि हे गाणं त्यांच्यासाठी नाही, असं गृहीत धरलेलं. प्रत्यक्षात त्याच मुलींनी हे लांबलचक, संथ, मरणाबद्दलचं गाणं विकत घेऊन एक नंबरला नेलं होतं.

याच महिन्यात 'रोलिंग स्टोन'च्या मोठ्या मुलाखतीत हॅरीला हा प्रश्न आला. त्याचं म्हणणं साधारण असं होतं की, पॉप ऐकणाऱ्या मुलींची आवड तिशीतल्या हिपस्टर पुरुषापेक्षा खालची, हे ठरवलं कुणी? एके काळी बीटल्सलाही याच वयाच्या मुलींनी डोक्यावर घेतलं होतं. आता याला फॅन्सना खूश ठेवणं म्हणा हवं तर. पण पहिल्याच सोलो गाण्याच्या वेळी, सगळे त्याला 'मोठा' ठरवायला बसलेले असताना, जुन्या ओळखीपासून पळणं त्याला सोपं होतं. तो पळाला नाही.

मरणाबद्दलचं म्हटलं, त्याचा उलगडाही त्याच मुलाखतीत झाला. तोवर कुणी ते ब्रेकअपचं समजत होतं, कुणी राजकारणावरचं. हॅरीने सांगितलं की गाणं एका आईच्या बाजूने आहे. बाळ सुखरूप आहे, पण ती वाचणार नाही. बाळाशी बोलायला तिच्याकडे पाच मिनिटं आहेत. हे कळल्यावर गाण्याची लांबी वेगळीच वाटायला लागते.

महिन्याभराने लिअम पेनचं 'स्ट्रिप दॅट डाउन' आलं. क्लबमध्ये वाजेल असं, क्वेव्होच्या रॅपसह आणि गीतकारांत चक्क एड शीरन. ते अमेरिकेत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. हॅरीचं गाणं आपण ऐकतो त्या पठडीतलं नाही, पण त्याला हवं ते त्याने छान केलंय, असं लिअम एका मुलाखतीत म्हणाला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये अर्जेंटिनात लिअमचा मृत्यू झाला. ती जुनी तुलना आता वाचवत नाही.

मग पहिल्या नंबरवरून पुढचं कळतं का?

फारसं नाही. ब्रिटनमध्येच जुनं उदाहरण आहे. १९९६ मध्ये टेक दॅट फुटला. सगळ्यांनी पैसे लावले गॅरी बार्लोवर, कारण गाणी तो लिहायचा. त्याचं पहिलं सोलो गाणं एक नंबर. आधीच ग्रुप सोडून गेलेल्या रॉबी विल्यम्सचं पहिलं गाणं जॉर्ज मायकलच्या 'फ्रीडम'ची नवी आवृत्ती होतं, ते दुसऱ्या क्रमांकावर थांबलं. पुढे स्टेडियम भरली रॉबीने. गॅरीला दुसऱ्या अल्बमनंतर कंपनीने सोडलं.

वन डिरेक्शनमध्येही तसंच झालं. 'पिलोटॉक' हे झेनचं अमेरिकेतलं आजवरचं एकमेव एक नंबर गाणं. आणि चौथ्यावर अडकलेल्या हॅरीचं 'अॅज इट वॉज' २०२२ मध्ये तिथे १५ आठवडे अव्वल राहिलं. पुढच्या वर्षी 'हॅरीज हाउस'ला अल्बम ऑफ द इयरचा ग्रॅमी मिळाला.

'साइन ऑफ द टाइम्स'ला तसा सुपरहिटचा शिक्का नाही. पण २०२१ मध्ये 'रोलिंग स्टोन'ने सर्वकाळच्या ५०० गाण्यांची यादी केली, त्यात ते आहे. २०२३ च्या जुलैमध्ये हॅरीची लव्ह ऑन टूर इटलीत संपली. त्या दौऱ्यात कार्यक्रम संपल्यासारखा व्हायचा, दिवे जायचे आणि तो परत यायचा तो याच पियानोवर. २०१७ मध्ये डाउनलोडचं बटण दाबणाऱ्यांपैकी अनेक जणी तोवर नोकरीला लागल्या होत्या. पाच मिनिटं चाळीस सेकंद त्या सगळं गाणं त्याच्याबरोबर म्हणायच्या.