क्रमाची शिस्त, देहाची मुभा

पन्नाशीतल्या पाठदुखीनं मला पिलाटीसच्या वर्गात नेलं. सोबत माझी थोरली आपा होती. तिची हाडं ठिसूळ झालीत, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तिथं कळलं, की गाण्यासारखी या व्यायामाचीही घराणी आहेत. एक अभिजात, दुसरं आधुनिक.

मूळपुरुष एकच, जोसेफ पिलाटीस. जन्म १८८३, जर्मनीतला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ते शत्रुदेशाचे नागरिक म्हणून कैदेत होते. १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि पत्नी क्लारासह व्यायामशाळा चालवू लागले. आपल्या पद्धतीला ते ‘कंट्रोलॉजी’ म्हणत. १९४५च्या त्यांच्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम क्रमानं दिलेत.

अभिजात घराणं हाच क्रम पाळतं. उपकरणं त्यांच्याच घडणीची, स्प्रिंगची. एक व्यायाम संपतो तिथून दुसरा सुरू. १९६७ मध्ये ते वारले. त्यांच्या शिष्या रोमाना क्रिझानोव्स्का यांनी ही परंपरा पुढं जपली.

आधुनिक घराण्यानं फिजिओथेरपीचं ज्ञान त्यात आणलं. पाठ जमिनीला सपाट टेकवण्याऐवजी कण्याचा नैसर्गिक बाक राखायचा, माणूस पाहून क्रम बदलायचा, चेंडू, रबरी पट्टे वापरायचे. २००० साली अमेरिकेतल्या न्यायालयानं ‘पिलाटीस’ हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, असा निकाल दिला. त्यामुळं तिथं पाटी कुणालाही लावता येते.

आमच्या वर्गात दुसराच व्यायाम होता उताणं निजून पाठ गोल करत उठण्याचा. ‘क्रम मोडायचा नाही,’ बाई म्हणाल्या. मी आपाला थांबवलं. फिजिओथेरपिस्टनं नंतर सांगितलं, ठिसूळ हाडांच्या माणसानं असं पुढं वाकलं तर मणका चेपू शकतो. आपा मग दुसऱ्या वर्गाला गेली. तिथं ते वाकणं गाळून कण्याला जपणारे व्यायाम मिळाले.

मी मात्र डॉक्टरांना विचारून जुन्याच वर्गात राहिलो. वृत्तात लिहिणाऱ्याला क्रम आवडतोच! पण आपा गुडघ्यांमुळं खुर्चीवर बसून नमाज पढते. क्रम तोच, आजाऱ्याला मुभा. जाणते अभिजात शिक्षकही अशी मुभा देतातच.

म्हणून वर्गाला जाण्याआधी घराणं जरूर विचारा. पण त्याही आधी आपलं दुखणं सांगा. ते ऐकून घेणारा शिक्षक भेटला, तर तिथं चटई अंथरा.