पहिल्या ओळीत कोणतं कॉलेज?

सीईटीचा निकाल लागला की सातारा-सांगलीतल्या घरांत पहिला प्रश्न येतो, 'पुण्याला लागतंय का?' नाही लागलं तर पाहुण्यांना जरा खालच्या आवाजात सांगायचं, 'शेवटी इथंच घेतलं.' हे 'इथंच' म्हणजे सांगलीतलं १९१९ चं विलिंग्डन, १९४७ चं वालचंद किंवा १९६० चं कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी असलं, तरी आवाज खालीच!

या कुजबुजीमागे पहिला गैरसमज आहे तो कटऑफचा. कटऑफ म्हणजे गेल्या वर्षी त्या ब्रँचला शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलवर झाला तो आकडा. तिथं यायला किती जण धडपडले, एवढंच त्यावरून कळतं. शिकवतात कसं, हे कळत नाही. गर्दी बघून हॉटेल निवडावं तसा हा प्रकार.

सगळ्यात महाग पडणारा समज मात्र दुसराच. 'आधी नाव पकडा, ब्रँच नंतर बघू.' पोराला मेकॅनिकल हवं असतं, पण नावासाठी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, ऑप्शन फॉर्मच्या पहिल्या ओळीत मोठ्या कॉलेजची भलतीच ब्रँच टाकली जाते. आता नियम बघा. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते. पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही, बेटरमेंटही नाही. अलीकडच्या नियमांनुसार नंतरच्या फेऱ्यांत हे बंधन वरच्या आणखी काही पसंतींनाही लागतं. 'दुसऱ्या वर्षी बदलून घेऊ' हा दिलासाही फारसा टिकत नाही, कारण बदल होतो तो रिकाम्या जागांवर आणि गुणवत्तेनुसार. उलट, खरोखर हवं असलेलं पण अवघड कॉलेज वर टाकल्यानं खालची जागा हातची जाते, ही भीतीही खोटी. ते मिळालं नाही, तर पुढच्या पसंतीचा विचार होतोच.

नॅकची श्रेणी दाखवून 'आमच्याकडं सगळंच उत्तम' असं सांगणारे भेटतील. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेची असते. तुमच्या ब्रँचचं मूल्यांकन एनबीएकडून झालंय का, हे वेगळं विचारायला लागतं. त्याहून बरं म्हणजे कामाच्या दिवशी तिथं जाऊन यावं. वर्कशॉपमध्ये एका लेथभोवती किती पोरं उभी आहेत आणि त्यातल्या कितींच्या हाताला काम मिळतंय, हे माहितीपुस्तकात छापत नाहीत.

पॅकेजच्या जाहिरातींचं गणितही असंच. नऊ जणांना ४ लाख आणि एकाला ४० लाख मिळाले, तर सरासरी निघते ७.६ लाख. मधल्या मुलाला मिळालेले असतात ४ लाखच. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था हा मधला आकडा आणि नोकरी लागलेल्यांची संख्या जाहीर करतात. बॅनर बाजूला ठेवून तीच पानं वाचावीत.

'मोठं नाव असलं की आयुष्याचं सोनं होतं' हे तरी खरं का? अमेरिकेत डेल आणि क्रुगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांनी सारख्याच कॉलेजांना अर्ज केले आणि ज्यांना सारख्याच कॉलेजांनी घेतलं वा नाकारलं, अशा विद्यार्थ्यांची तुलना केली. नामांकित कॉलेजात गेल्यानं पुढच्या कमाईत सर्वसाधारणपणे फारसा फरक पडला नव्हता. अपवाद होता गरीब घरांतल्या मुलांचा. त्यांना फायदा झाला होता. तो अपवाद आपण विसरू नये. माण किंवा जतमधल्या ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जातंय, तिथं ओळखीपाळखी आणि वातावरण यांना किंमत असते. अशा मुलाला नामांकित कॉलेज झेपत असेल आणि ब्रँचही मनाजोगती असेल, तर त्यानं खुशाल जावं.

पण गरिबाच्या पोरासाठी नाव हाच एक रस्ता आहे, असं सातारा जिल्ह्यात तरी म्हणू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, ते 'कमवा आणि शिका'च्या बळावर. पोरं राबायची आणि शिकायची. कॉलेज विद्यार्थ्याच्या परिस्थितीशी जुळवून घेत होतं.

राहिला पैसा. 'मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ, सवलत मिळेलच' असं समजून बरेच पालक फसतात. २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावं लागतं आणि प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ही माफी नाही.