उड्डाण कोणाच्या जमिनीवरून?

उपग्रह सोडणे हा आज व्यापार झाला आहे. ज्याच्याजवळ उपग्रह आहे पण रॉकेट नाही, तो रॉकेटवाल्याला भाडे मोजतो. २३ ऑक्टोबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून वनवेब या परदेशी कंपनीचे ३६ उपग्रह अवकाशात गेले. हा व्यवहार २०१९ साली स्थापन झालेल्या न्यूस्पेस इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा होता. २०२० पासून खाजगी कंपन्यांनाही हे क्षेत्र मोकळे झाले आहे.

या व्यापारात जागेला मोल असते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि विषुववृत्ताजवळ तिच्या पृष्ठभागाचा वेग सर्वाधिक असतो. पूर्वेकडे उडणाऱ्या रॉकेटला तो वेग फुकट मिळतो, इंधन वाचते. शिवाय श्रीहरिकोट्याच्या पूर्वेस बंगालचा उपसागर आहे. रॉकेट कोसळले तरी ते पाण्यात पडते.

एवढे मी वर्गात अनेक वर्षे शिकवत आलो. बेटावर कोण राहत होते, हे मात्र मी कधी सांगितले नाही. ते बेट निर्मनुष्य नव्हते. मासेमारीवर आणि रानातल्या कंदमुळांवर जगणारे यानादी आदिवासी तेथे राहत होते. १९६९ साली अवकाश केंद्रासाठी बेटाची निवड झाली आणि यानादी कुटुंबांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. काहींच्या वाट्याला केंद्रातली मजुरी आली. रॉकेटच्या भाड्यात इंधन, यंत्रे आणि तंत्रज्ञ यांचा हिशेब असतो. या विस्थापनाचा नसतो.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानात कुरू येथील केंद्रासाठीही १९६० नंतरच्या दशकात स्थानिकांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १९८० साली स्थापन झालेल्या एरियनस्पेस कंपनीने तेथून उपग्रहांचा व्यापार उभारला. मार्च २०१७ मध्ये तिथली जनता दवाखाने, शाळा आणि सुरक्षितता मागत रस्त्यावर उतरली, केंद्राची वाट तिने अडवली. मार्चमधले उड्डाण ४ मेपर्यंत लांबले. आकाशाकडे पाहणाऱ्यांना तेव्हा खाली पाहावे लागले.

विज्ञानाला माझा विरोध नाही. ते आपल्यालाही हवेच आहे. पण ज्यांच्या भूमीवरून ते उडते, त्यांना त्यात मजुरीपलीकडे वाटा हवा. यापुढे हा धडा शिकवताना मी फळ्यावर रॉकेटच्या आकृतीखाली जमीनही काढीन आणि ती कोणाची होती, ते लिहीन.