चोरून आणलेलं जनुक कसं ओळखायचं?

मागच्या हप्त्याच्या शेवटी मी जनुकं कापणाऱ्या कात्रीचं वचन दिलं होतं. ती कात्री आज बाजूला ठेवतो. वरळीच्या बीडीडी चाळीत राहणाऱ्या आणि जांबोरी मैदानावर पोरांना कबड्डी शिकवणाऱ्या एका वाचकाने असा प्रश्न पाठवला आहे की त्याला अख्खा हप्ता द्यावासा वाटतो. ते विचारतात, ‘रुग्णाच्या पेशीत जनुक घालता येतं, तर खेळाडूच्याही घालता येईल. मग दमसास वाढवणारं जनुक टोचून आलेला चढाईपटू पकडणार कसा? ते जनुक तर त्याच्या शरीराचंच झालं!’

दमसासाचा विचार करताना सगळ्यांची नजर आधी एरिथ्रोपोएटिनवर, म्हणजे ईपीओवर जाते. मोठ्या माणसात हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंड तयार करतं. रक्तात प्राणवायू कमी पडला की ते जास्त सुटतं, अस्थिमज्जा तांबड्या पेशी वाढवते, आणि प्राणवायू पुरेसा झाला की मूत्रपिंड हात आखडतं. तयार ईपीओ टोचून घेणारे सायकलपटू सापडू लागल्यावर पुढची शंका साहजिक होती : औषधाऐवजी त्याचं जनुकच टोचलं तर? 2003 पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत जनुकांचा असा वापर निषिद्ध आहे. ही भीती हवेतली नव्हती. 2006 मध्ये जर्मन धावप्रशिक्षक थॉमस श्प्रिंगश्टाइन याच्यावरच्या खटल्यात त्याचा एक ईमेल पुढे आला. त्यात ‘रेपॉक्सिजेन’ मिळवणं किती अवघड आहे याची चर्चा होती. रेपॉक्सिजेन म्हणजे स्नायूत ईपीओचं जनुक पोचवणारी उपचारपद्धती. ती पंडुरोगासाठी योजलेली होती आणि बाजारात कधी आलीच नाही.

आता पकडण्याचं. या विषयातला हा माझा सर्वांत लाडका भाग.

आपलं जनुक सलग लिहिलेलं नसतं. प्रथिनाचा मजकूर तुकड्यातुकड्यांत असतो आणि मधे इंट्रॉन नावाचे लांब पट्टे असतात. पेशी जनुकाची नक्कल काढते, इंट्रॉन छाटते, उरलेले तुकडे जोडते आणि मगच प्रथिन बनवते. ईपीओच्या जनुकात असे चार इंट्रॉन आहेत. पूर्ण जनुक तीन हजार अक्षरांच्या आसपास, पण प्रथिनाचा मजकूर सहाशेहूनही कमी अक्षरांचा. जनुक पोचवायला नेहमी वापरला जाणारा एएव्ही विषाणू जेमतेम 4,700 अक्षरं वाहतो, आणि जनुक चालू करणारे इतर भागही त्यातच बसवावे लागतात. 160 चौरस फुटांच्या खोलीत बिऱ्हाड मांडताना अडगळ मागे ठेवावी लागते, हे बीडीडीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको. प्रयोगशाळाही सहसा इंट्रॉन गाळून नेटकी नक्कलच विषाणूत भरते.

चोरी उघडी पडते ती याच नेटकेपणामुळे. जन्मजात डीएनएत ईपीओचे दोन तुकडे एकमेकांना चिकटलेले नसतात, मधे इंट्रॉन असतोच. खेळाडूच्या रक्तातल्या डीएनएत ते तुकडे सलग सापडले, तर ते जनुक बाहेरून आलेलं आहे. पीसीआरने हा सांधा शोधता येतो. अर्थात रक्तात तो डीएनए सापडला पाहिजे, ही अट आहेच.

दुसरी खूण मला त्याहून सुंदर वाटते. ईपीओच्या प्रथिनावर शर्करेच्या साखळ्या असतात, आणि त्या कशा लागणार हे पेशी कोणत्या अवयवाची आहे त्यावर ठरतं. मूत्रपिंडातलं ईपीओ आणि मांडीच्या स्नायूतलं ईपीओ एकाच मजकुरातून बनलं, तरी दोघांची सजावट वेगळी. हा फरक 2004 मध्ये माकडांवरच्या प्रयोगात दिसला.

त्याच वर्षीच्या आणखी एका निष्कर्षाबद्दल मी या कबड्डी-प्रशिक्षकांना आवर्जून लिहिलं. काही मकाक माकडांना त्यांच्याच जातीचं ईपीओचं जनुक विषाणूतून दिलं. आधी तांबड्या पेशी वाढल्या. पुढे त्यांतल्या काही माकडांच्या प्रतिकारशक्तीने त्या ईपीओला परकं ठरवलं आणि मूत्रपिंडातल्या अस्सल ईपीओवरही हल्ला चढवला. दमसास वाढणं दूरच, उलट तीव्र पंडुरोग जडला. सोळा वर्षांच्या पोराला कुणी ‘नवीन इंजेक्शन’ सुचवलं, तर हा प्रयोग त्याला सविस्तर सांगावा. ‘पकडले जाशील’ या धाकापेक्षा त्याला हे कळणं मला महत्त्वाचं वाटतं.

आता अवघड भाग. फिनलंडचा एरो मॅन्टिरांटा बर्फावरच्या लांब शर्यतींत सात ऑलिंपिक पदकं जिंकला. त्यातली दोन सुवर्णं 1964 ची, इन्सब्रुकची. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी इतक्या जास्त होत्या की लोकांनी संशय घेतला. त्याच्या घराण्याचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. ईपीओचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाचं शेपूट या घराण्यातल्या अनेकांत जन्मतःच तुटकं होतं, आणि ‘आता पुरे’ हा इशारा त्याच शेपटात असतो. हे सगळं एका अक्षराच्या बदलामुळे.

हा एका अक्षराचा बदल कुणी कात्रीने अस्थिमज्जेत घडवला, तर गाळलेले इंट्रॉन नाहीत, परकी सजावट नाही. वरचे दोन्ही पुरावे निकामी. मला एकच वाट दिसते : जन्मजात बदल अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो, घडवलेला मात्र रक्तपेशींपुरताच. तेव्हा रक्ताच्या नमुन्याबरोबर केसाचं मूळही तपासायला हवं. कात्री नेमकी कशी चालते, हे पुढच्या आठवड्यात.