अद्भुत कादंबरीचा खर्डा : कथा एक, डोळे अनेक

श्रोतेहो, गावात बांधावरून तंटा झाला म्हणजे काय होते, ते आपण सगळेच जाणतो. पंचांपुढे पहिला माणूस बोलू लागला की वाटते, याचेच खरे. दुसरा उभा राहिला की मन डळमळते. मग शेजारच्या रानात औत हाकणारा गडी बोलतो, आणि तिसरीच हकिकत बाहेर पडते. तिघेही खोटे बोलत असतात असे नाही. जो तो आपल्या जागेवरून जेवढे दिसले तेवढे सांगत असतो. अनेक पात्रांच्या नजरेतून कादंबरी लिहिण्याची जी रीत आहे, तिचे मूळ या साध्या अनुभवात आहे.

मराठी वाचकाला ही रीत परकी नाही. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली आली. तीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आपापली कहाणी आपल्याच तोंडाने सांगतात. १९६७ साली आलेल्या शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्णाखेरीज कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण हेही बोलतात. आज आपण विचार करणार आहोत तो अशी कादंबरी, आणि तीही अद्भुताची, लिहायला बसणाऱ्याने कच्चा खर्डा कसा करावा याचा. उदाहरणाला महाभारताच्या आदिपर्वातली कच-देवयानीची कथा घेऊ. ती आपल्या ओळखीची आहे.

पहिली गोष्ट, अद्भुताला कायदा हवा. कोणतीही जादू केव्हाही चालू लागली, तर वाचकाला कशाची काळजीच उरत नाही. संजीवनी विद्येचे पाहा. ती फक्त शुक्राचार्यांना येते. म्हणून मेलेले असुर उठतात, देव मात्र उठत नाहीत. ती शिकण्यासाठी देव बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, शुक्राचार्यांकडे पाठवतात. असुर त्याला मारतात, गुरू त्याला उठवतात. शेवटी असुर त्याची राख मद्यात मिसळून गुरूलाच पाजतात. आता कच जिवंत व्हायचा तर गुरूचे पोट फोडूनच बाहेर यायचा! हा पेच उभा राहतो तो विद्येला मर्यादा आहे म्हणून. खर्ड्याच्या पहिल्या पानावर लिहावे : ही शक्ती कोणाला आहे, तिची किंमत काय, आणि ती कोठे चालत नाही. मग पुढे अडचण आली म्हणून हा कायदा गुपचूप मोडायचा नाही.

दुसरा प्रश्न, कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे? पहिल्या प्रयत्नाला तीन-चार पात्रे पुष्कळ झाली. ज्याच्या वाट्याला त्या प्रसंगात सर्वांत जास्त गमवायचे आहे, त्याच्याकडे ते प्रकरण द्यावे. इथे कच आहे, देवयानी आहे, शुक्राचार्य आहेत. पण माझ्या मते एक प्रकरण त्या राख कालवणाऱ्या असुराला दिलेच पाहिजे. दुरून तो नुसता दुष्ट दिसतो. त्याच्या जागी बसून पाहिले म्हणजे कळते, की आपल्या लोकांचा एकुलता एक आधार चोरीला चालला आहे आणि गुरू मुलीच्या शब्दाबाहेर नाहीत, हे त्याला दिसते आहे. त्याचे कृत्य त्यामुळे चांगले ठरत नाही, पण समजते.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची : कोणाला काय ठाऊक आहे, याचा हिशेब. एक मोठा कागद घ्यावा, जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजूही चालेल. वर पात्रांची नावे, डाव्या कडेला दिवस. प्रत्येक घरात लिहावे, तो त्या दिवशी कोठे होता आणि त्याला काय कळले. असुराचे प्रकरण आधी आले, तर गुरू पेला उचलतात तेव्हा वाचकाच्या काळजात धस्स होते. देवयानीचे आधी आले, तर कच कोठे गेला म्हणून वाचक तिच्याबरोबर शोधत फिरतो. घटना तीच, पण क्रम बदलला की रस बदलला.

इंग्रज लेखक टोल्कीन यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीसाठी असेच तारीखवार तक्ते केले होते. त्यांची मंडळी मध्येच पांगतात आणि निरनिराळ्या वाटांनी जातात. एका वाटेवर पौर्णिमा अन् दुसऱ्या वाटेवर त्याच रात्री चंद्रकोर, असे होऊन चालत नाही. टोल्कीननी चंद्रासाठीसुद्धा प्रकरणे दुरुस्त केली. पात्रे वाढली की हे काम किती जड होते, याचा दाखला जॉर्ज मार्टिन या अमेरिकन लेखकाचा आहे. त्यांच्या कथेचा एक भाग एवढा फुगला, की त्यांनी पात्रांची वाटणी करून त्याची दोन पुस्तके केली. एक २००५ साली निघाले, दुसरे २०११ साली.

चौथी गोष्ट, आवाज. प्रकरणावरचे नाव झाकले तरी कोण बोलतो आहे ते कळले पाहिजे. देवयानी माणसे पाहील, कच नियम पाहील, असुर वाटा आणि पहारे पाहील. एका प्रकरणात मध्येच दुसऱ्याच्या डोक्यात शिरू नये. आणि तोच प्रसंग पुन्हा सांगायचा झाला, तर दुसऱ्या सांगण्याने काहीतरी उलटले पाहिजे. नाहीतर ते दळलेलेच दळण होते.

खर्डा करताना एकेका पात्राचा धागा सलग लिहून काढला तरी चालेल. त्याने आवाज पक्का होतो. मग प्रकरणे वेगळी करून वेणीसारखी गुंफावी. गुंफताना काही पाने गळतील, ती गळू द्यावीत.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. या कथेचा शेवट वर्गात सांगा. कच विद्या मिळवतो, देवयानी लग्नाची मागणी घालते, आणि तो 'गुरूच्या उदरातून आलो, तू माझी बहीण' म्हणून नकार देतो. दोघे एकमेकांना शाप देतात. मग तीन गट करा. एकाने कचाच्या, एकाने देवयानीच्या आणि एकाने शुक्राचार्यांच्या तोंडून दहा-दहा ओळी लिहाव्यात. अट एकच : आपल्या पात्राला वेडे किंवा दुष्ट ठरवायचे नाही. ज्या मुलाला कच पटतो त्याला देवयानी द्या. तिने पुन्हा पुन्हा ज्याचे प्राण मागून घेतले, तो काम झाल्यावर निघून चालला आहे, हे त्याला तिच्या जागेवरून लिहावे लागेल.

ते लिहिताना पेन्सिल जरा थांबेल. ती थांबली म्हणजे समजावे, की मुलगा दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागला. कादंबरी पुढे लिहून होईल, न होईल. पण उद्या हाच मुलगा बांधाच्या तंट्यात पंच म्हणून बसेल, तेव्हा पहिल्याचे ऐकून लगेच निवाडा देणार नाही. दुसऱ्याचे ऐकेल, आणि त्या औतावरच्या गड्यालाही बोलावून घेईल.