दोन बोटांची अक्कल आणि थेरींच्या गाथा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं हे भाषण गटांमध्ये वाचण्यासाठी देत आहोत.)

 चुलीपुढं असाल, खुरपणीला निघाला असाल किंवा गटाच्या बैठकीला जमला असाल, तर थोडा वेळ आमच्याबरोबर बसा. आज कर्जाचा विषय नाही आणि व्याजाचाही नाही. आज आपण फार जुन्या काळातल्या बायकांचं बोलणं समजून घेणार आहोत.

आमच्या गटांत बुद्धवंदना म्हणणाऱ्या मैत्रिणी आहेत, हरिपाठ म्हणणाऱ्या आहेत, दर्ग्यात चादर चढवणाऱ्याही आहेत. बुद्धांचं चित्र सगळ्याच ओळखतात. पण बुद्धांच्या संघात बायका होत्या का, होत्या तर त्या काय म्हणाल्या, असं विचारलं की बहुतेक जणी यशोधरेच्या नावावर थांबतात. म्हणून हा विषय घेतला.

थेरीगाथा म्हणजे काय?

बौद्ध धर्माचे जे मूळ ग्रंथ पाली भाषेत आहेत, त्यांना त्रिपिटक म्हणतात. त्यातल्या एका पुस्तकाचं नाव आहे थेरीगाथा. थेरी म्हणजे संघातली ज्येष्ठ भिक्खुणी. गाथा म्हणजे पद्य. या पुस्तकात ७३ कविता आहेत. काही दोन-चार ओळींच्या आहेत, तर काही पानंच्या पानं चालतात. जगात बायकांच्या नावानं जपलेल्या कवितांचे जे सर्वांत जुने संग्रह आहेत, त्यात याची गणना होते.

या गाथा आधी तोंडपाठ होत्या. जात्यावरच्या ओव्या जशा आईकडून लेकीकडं आल्या, तशा त्या एकीकडून दुसरीकडं गेल्या. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक लिहून काढलं गेलं. नंतर धम्मपाल नावाच्या पंडितानं या गाथांवर टीका लिहिली. कोणती थेरी कुठली, कोणाची लेक, तिच्यावर काय प्रसंग आला, या कथा आपल्याला या टीकेतून कळतात.

त्यात राजघराण्यातल्या बायका आहेत, व्यापाऱ्यांच्या लेकी आहेत, दासी आहेत, भीक मागणारी विधवा आहे, गणिका आहेत. मुत्ता नावाची थेरी तर उखळ, मुसळ आणि नवरा या तिन्हींतून सुटल्याचं उघड सांगते.

पाणी भरणारी पुण्णिका

पुण्णिका श्रावस्तीच्या अनाथपिंडक शेठच्या घरची दासी. मालकिणीच्या माराच्या भीतीनं ती भर थंडीत नदीवर पाणी भरायला जायची. तिथं एक ब्राह्मण कुडकुडत अंघोळ करताना तिला दिसला. एवढ्या थंडीत का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, पाण्यानं पाप धुतलं जातं. पुण्णिकेनं त्याला सरळ हिशेब मांडून दाखवला. पाण्यानं पाप जात असेल, तर मासे, बेडूक, कासवं सगळी स्वर्गात जायला हवीत. आणि नदी पाप वाहून नेत असेल, तर पुण्यही का नेणार नाही? ब्राह्मणाला ते पटलं.

बघा, पुण्णिकेकडं पोथी नव्हती, शाळा नव्हती. पण रोज पाणी भरत असल्यामुळं पाण्यात काय राहतं हे तिला माहीत होतं. आपल्या कामातून आलेलं शहाणपण तिनं वादात वापरलं.

किसा गोतमी आणि पटाचारा

किसा गोतमीची कथा तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी ऐकली असेल. लेकरू गेलं, आणि ती त्याला कडेवर घेऊन औषध मागत दारोदार फिरली. बुद्ध म्हणाले, ज्या घरात कधी कोणी मेलं नाही, अशा घरातून मूठभर मोहरी आण. मोहरी प्रत्येक घरात होती, पण मरण नसलेलं घर एकही नव्हतं.

या कथेतून बहुतेक वेळा, मरण कोणालाच चुकत नाही, एवढंच सांगितलं जातं. आम्हाला आणखी एक गोष्ट दिसते. बुद्धांनी तिला एकटीला बसवून उपदेश दिला नाही. तिला घराघरांत पाठवलं. प्रत्येक दारात कोणीतरी तिला आपलं दुःख सांगितलं. दुःख एकटीचं नाही हे तिला लोकांमध्ये जाऊन कळलं.

पटाचारेवर तर आभाळच कोसळलं होतं. नवरा साप चावून गेला, तान्हं बाळ ससाण्यानं उचललं, मोठा मुलगा नदीत वाहून गेला आणि माहेरी पोचेपर्यंत घर पडून आई-बाप, भाऊ गेले. ती भान हरपून रस्त्यावर फिरू लागली. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. बुद्धांनी तिला जवळ येऊ दिलं. एका माणसानं तिच्या अंगावर आपलं वस्त्र टाकलं.

पुढं हीच पटाचारा संघाचे नियम सर्वांत चांगले जाणणारी भिक्खुणी म्हणून ओळखली गेली. तिच्या गाथेत ती पाय धुताना उतारावरून वाहणारं पाणी बघते, मग खोलीत जाऊन दिव्याची वात खाली ओढते आणि त्याच क्षणी तिचं मन मोकळं होतं. पाय धुणं आणि दिवा शांत करणं, ही तर आपलीच रोजची कामं. तिच्याकडं शिकलेल्या बायकांच्या गाथाही या पुस्तकात आहेत. कालपर्यंत जिला दगड मारले, तिच्याजवळ दुसऱ्या शोकात बुडालेल्या बायका येऊन बसू लागल्या.

आपल्याकडं नवरा गेलेल्या बाईला अजूनही हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ठराव झाला म्हणजे काम संपलं असं नाही. बाईजवळ बसणारी बाई लागते. पटाचारेनं ते केलं.

दोन बोटांची अक्कल

आता सोमा थेरीचं ऐका. ती ध्यानाला बसली असताना मार आला. मार म्हणजे मनाला मागं ओढणारा. तो म्हणाला, जे ऋषींनाही कठीण, ते दोन बोटांच्या अकलेच्या बाईला कुठून मिळणार? दोन बोटांची अक्कल म्हणजे काय, तेही टीकेत सांगितलं आहे. बाई जन्मभर भात शिजवते, तरी शिजला का हे कळायला शीत दोन बोटांनी दाबून बघावं लागतं. म्हणून तिची अक्कल दोन बोटांची!

आपण शितावरून भाताची परीक्षा म्हणतो आणि ते शहाणपण मानतो. तेच बाईनं केलं की ती कमअक्कल. सोमेनं या टोमण्यावर चिडून उत्तर दिलं नाही. मन स्थिर असेल, समज जागी असेल, तर बाईपणाचा त्यात प्रश्नच कुठं येतो, असं तिनं विचारलं. मी बाई आहे का पुरुष, याच विचारात जो अडकलाय, त्याच्याशी तू बोल, असं सांगून तिनं माराला वाटेला लावलं.

हा मार आजही भेटतो. बँकेत, ग्रामसभेत, घरातही. तुला काय कळतंय, असं म्हणतो. कधी तो आपल्याच मनात येऊन बसतो.

संघात जागा कशी मिळाली?

ही जागा आयती मिळाली नव्हती. बुद्धांना वाढवणारी त्यांची मावशी महाप्रजापती गोतमी. तिनं संघात घ्या म्हणून तीनदा विनंती केली आणि तिन्ही वेळा नकार आला. मग तिनं केस कापले, भगवी वस्त्रं घातली आणि शाक्य कुळातल्या बायकांना घेऊन कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी चालत गेली. परंपरा सांगते की त्या ५०० होत्या. पाय सुजलेले, अंग धुळीनं भरलेलं, अशी ती दाराबाहेर उभी राहिली. आनंदानं तिची बाजू घेतली. त्यानं बुद्धांना एकच प्रश्न विचारला, साधनेचं सर्वांत वरचं फळ बाईला मिळू शकतं का? बुद्ध म्हणाले, मिळू शकतं. मग अडवायचं कशासाठी?

प्रवेश मिळाला, पण आठ अटींवर. पहिलीच अट अशी की १०० वर्षं भिक्खुणी असलेल्या बाईनंही आज दीक्षा घेतलेल्या भिक्खूला आधी नमस्कार करायचा. या अटी खुद्द बुद्धांच्या की नंतर घातलेल्या, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली एक लेख लिहून, बुद्धांमुळं बायकांची अवनती झाली या आरोपाला उत्तर दिलं. बायकांना कमी लेखणारे काही संवाद मागाहून घुसडले असावेत, असं त्यांनी मांडलं.

संघाचा कारभार कसा चालायचा, हेही गटातल्या बायकांनी जाणून घ्यावं असं आहे. दर पंधरा दिवसांनी सगळ्यांनी जमायचं, नियम म्हणायचे. मोठा निर्णय असेल तर प्रस्ताव एकदा मांडायचा आणि नंतर तीनदा विचारायचं, कोणाची हरकत आहे का? सगळ्या गप्प राहिल्या तर ठराव मंजूर. आणि ठराविक संख्या हजर नसेल तर निर्णय होतच नाही. आपण याला कोरम म्हणतो.

कोरम तुटला आणि विरजण परत आलं

भिक्खुणींचा पुढचा सगळा इतिहास या कोरमभोवती फिरतो. नव्या बाईला पूर्ण दीक्षा द्यायची तर साधारण १० भिक्खुणी लागत, आणि मग भिक्खूंच्या संघाचीही मान्यता. म्हणजे एखाद्या देशात भिक्खुणी संपल्या, तर नवी भिक्खुणी करायला कोणी उरतच नाही.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली. राजघराण्यातल्या अनुलेला आणि तिच्याबरोबरच्या बायकांना तिनं दीक्षा दिली. अनुराधपूरला तो वृक्ष आजही आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेच्या भिक्खुणी नंदी नावाच्या तांडेलाच्या जहाजातून चीनला गेल्या. पहिल्या खेपेला संख्या पुरेना. त्या तिथंच थांबल्या, चिनी भाषा शिकल्या. चार-पाच वर्षांनी आणखी भिक्खुणी आल्या, कोरम भरला आणि ३०० च्या वर चिनी बायकांना रीतसर दीक्षा मिळाली.

पुढं अकराव्या शतकाच्या सुमाराला लढायांच्या धामधुमीत श्रीलंकेतला भिक्खुणी संघ संपला. तिबेटमध्ये तर तो कधी रीतसर उभाच राहिला नाही. थायलंडमध्ये १९२८ साली संघप्रमुखांनी आदेश काढला की भिक्खूंनी बायकांना दीक्षा देऊ नये. पण चीन, कोरिया, तैवान, व्हिएतनाममध्ये परंपरा टिकली.

आपलं विरजण नासलं तर आपण काय करतो? ज्या शेजारणीला पूर्वी दिलं होतं, तिच्याकडून वाटीभर आणतो. तसंच झालं. १९९६ साली सारनाथला कोरियन संघाच्या मदतीनं आणि १९९८ साली बोधगयेला तैवानच्या संघाच्या मदतीनं श्रीलंकेच्या बायकांनी पूर्ण दीक्षा घेतली. श्रीलंकेनं दिलेलं दीड हजार वर्षांनी श्रीलंकेला परत मिळालं. चीनमधली नियमांची शाखा वेगळी आहे, म्हणून काही वरिष्ठ भिक्खूंना ही दीक्षा मान्य नाही. तो वाद अजून चालू आहे. पण बायका थांबलेल्या नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये कर्नाटकातल्या मुंडगोडला २० तिबेटी साध्वींना गेशेमा ही सर्वोच्च विद्येची पदवी मिळाली. तोवर ती तिबेटी साध्वींना मिळत नव्हती. २०२२ साली भूतानमध्ये १४४ साध्वींना पूर्ण दीक्षा दिली गेली.

बांबूच्या नळीतली बचत

शेवटी एक गोष्ट खास बचत गटांसाठी. तैवानमध्ये ह्वालियन गावी चेंग येन नावाच्या भिक्खुणी आहेत. १९६६ साली त्यांनी ३० गृहिणींना एकेक बांबूची नळी दिली आणि सांगितलं, भाजीला जाताना रोज अर्धा डॉलर यात टाका. तो तिथला डॉलर, आपल्या हिशेबानं चिल्लरच. महिन्याचे १५ एकदम दिले तर चालणार नाही का, असं बायकांनी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, रोज टाका. म्हणजे दुसऱ्याला मदत करायची आठवण रोज होईल. त्या स्वतः आणि सोबतच्या भिक्खुणी बाळांचे बूट शिवून त्यात भर घालत. त्या नळ्यांतून त्झू ची ही संस्था उभी राहिली. १९८६ साली ह्वालियनला त्यांचं रुग्णालय सुरू झालं. आज अनेक देशांत भूकंप-पुरात त्यांचे स्वयंसेवक पोचतात.

आपल्या महाराष्ट्रातही बायकांच्या दानाच्या खुणा दगडात कोरलेल्या आहेत. कान्हेरी, कार्ले इथल्या शिलालेखांत भिक्खुणींची आणि गृहिणींची नावं सापडतात. नाशिकच्या लेण्यांमधलं एक मोठं लेणं सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई बलश्री हिनं दिलं. पुढच्या वेळी सहल गेली तर ही नावं विचारा. लेण्याला राक्षसांनी किंवा पांडवांनी रातोरात खोदलं म्हणणाऱ्यांना सांगा, यात बायकांचा पैसा आहे.

गटात बोलण्यासाठी

पुढच्या बैठकीत या तीन प्रश्नांवर बोला. एक, दोन बोटांची अक्कल हा टोमणा आपल्याला कुठं कुठं ऐकावा लागतो, आणि सोमेसारखं उत्तर कसं देता येईल? दोन, आपल्या गटात ठराव करताना, कोणाची हरकत आहे का, असं खरंच तीनदा विचारलं जातं का, की पुस्तक फिरवून सह्या घेतल्या जातात? तीन, आपल्या गावात पटाचारेसारखी एकटी पडलेली कोण आहे, आणि तिच्याजवळ जाऊन कोण बसणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरावात लिहा. बसणाऱ्या बाईचं नाव आणि जायचा वार, दोन्ही लिहा. पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवा.